क्लोजिंगराव

परदेशी मालकीच्या प्रत्येक कंपनीत, अकाउंट्सच्या मजल्यावर, खिडकीपासून सगळ्यात लांब आणि प्रिंटरच्या सगळ्यात जवळ एक माणूस बसलेला असतो. त्याला कुणी माल विकायला पाठवत नाही, खरेदीत विचारत नाही, त्याच्या हाताखाली फार तर दीड माणूस असतो. पण महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत मॅनेजिंग डायरेक्टरसुद्धा त्याच्या टेबलाजवळून जाताना मोबाइल सायलेंटवर टाकतात. इथे रुपयात जे काही कमावलं, गमावलं, देणं राहिलं, ते सगळं मुख्यालयाच्या चलनात करून वर पाठवायचं, हे त्याचं काम.

आमच्याकडे रुपयाचे युरो करतात. कारखाना चाकणला, अकाउंट्स खराडीला आणि मुख्यालय जर्मनीतल्या एका गावाला. त्या गावाचं नाव वीस वर्षांत आमच्यापैकी कुणालाच धड उच्चारता आलेलं नाही, म्हणून सगळे नुसतं ‘वर’ म्हणतात. ‘वरून विचारलंय.’ ‘वर पाठवलं का?’ नवीन माणसाला वाटतं, कंपनी फार धार्मिक आहे.

आमच्या या गृहस्थांना पोरं तोंडावर ‘सर’ म्हणतात आणि पाठीमागे ‘क्लोजिंगराव’. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “महिन्याचं की वर्षाचं?”

क्लोजिंगरावांना साधा प्रश्न विचारणं हे धाडसाचं काम आहे. चहाच्या मशीनपाशी कुणी सहज म्हणतं, “सर, युरो काय चाललाय?” दुसऱ्या कुणी एक आकडा सांगून कप भरला असता. राव कप खाली ठेवतात. “कुठला?” म्हणतात. विचारणाऱ्याला वाटतं, युरो काय, एकच असतो. तो एक नसतो हे मग त्याला चहा गार होईपर्यंत कळत जातं. महिनाभराच्या विक्रीला आणि खर्चाला महिन्याचा सरासरी दर, कारण विक्री काही एका दिवसात झालेली नसते. गोदामातला माल, बँकेतली शिल्लक, येणी-देणी यांना शेवटच्या दिवसाचा क्लोजिंग रेट. भांडवलाला ज्या दिवशी ते आलं त्या दिवसाचा, म्हणजे हिस्टॉरिकल. शिवाय एक बजेट रेट, जो वरच्या लोकांनी आदल्या वर्षी ठरवलेला असतो आणि जो प्रत्यक्षात कुठल्याच बँकेत, कुठल्याच दिवशी कुणाला मिळालेला नसतो. “आता बोल,” राव म्हणतात, “तुला कुठला हवाय?” विचारणाऱ्याला फक्त पुढच्या महिन्यात युरोपला फिरायला जायचं असतं.

एकाच ताळेबंदाला असे तीन-तीन दर लावले की जे व्हायचं तेच होतं. रुपयात पैशापर्यंत जुळलेला ताळेबंद युरोत जुळत नाही. डावी-उजवी बाजू सारखी व्हावी म्हणून मधे एक रक्कम ठेवावी लागते. ऑफिसात तिला सीटीए म्हणतात. ही रक्कम कुणी कमावलेली नसते, कुणी खाल्लेली नसते, कुणाच्या खिशात गेलेली नसते. ती नफा-तोट्याच्या पत्रकातही जात नाही. इक्विटीत एका वेगळ्या राखीव खात्यात वर्षानुवर्षं साचत राहते, आणि परदेशातली ती कंपनी विकून टाकली की मगच एकदम बाहेर येऊन नफ्यातोट्यात जमा होते. सामायिक वाड्यातल्या भाऊबंदकीचं असंच असतं. तीस वर्षं सगळे गणपतीला एकत्र आरती म्हणतात आणि वाडा बिल्डरला द्यायचा ठरला की 1994 सालच्या नळाच्या बिलापासून सगळं निघतं.

हे खातं रावांनी सांभाळलेलं. कंपनीत दुसऱ्या कुणालाही ते समजत नाही आणि समजून घ्यायची इच्छाही नाही. ऑडिटर येतात, त्या आकड्यावर पेन टेकवतात, रावांच्या चेहऱ्याकडे बघतात आणि पेन उचलून पुढच्या ओळीवर नेतात.

रावांच्या मते या कामाला पुण्याइतकं लायक गाव जगात नाही. पेशवाईत इथल्या बाजारात अंकुशी, चांदवडी, हाळी असे कितीतरी रुपये एकाच वेळी चालत. पोतदार नाणं पारखून घेत, सराफ बट्टा कापत, आणि कुठला रुपया कुठल्या रुपयाच्या किती आण्यांना हे तोंडपाठ ठेवावं लागे. “आणि वरच्या लोकांकडे,” राव म्हणतात, “आधी एक मार्क. मग एक युरो. त्यांना काय कळणार?” बट्टा कापणाऱ्यांच्या अंगी जो एक सौम्य तुच्छतेचा सूर असतो, तो रावांच्या ईमेलमध्ये अजून टिकून आहे. जर्मन लोक त्याला आशियाई विनय समजतात.

एकदा नुकताच सीए झालेला एक मुलगा त्यांच्या हाताखाली आला. हुशार, चुणचुणीत, पहिल्याच आठवड्यात रावांची एक्सेलमधली जुनी फाइल बघून “सर, हे ऑटोमेट होईल” म्हणालेला. रावांनी त्याला चाकणच्या कँटीनची ओळ दिली. कँटीनचं महिन्याचं बिल नऊ लाख, युरो त्या वेळी नव्वदच्या आसपास. म्हणजे वर जायला हवे होते दहा हजार युरो. मुलाने भागायच्या जागी गुणलं. आठ कोटी दहा लाख युरो वर गेले. चाकणच्या कँटीनमध्ये उसळ, पोळी, भात आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी मिळते.

आम्हाला वाटलं, वर आग लागेल. वरून मेल आली. शांत, सभ्य, मुद्देसूद. कर्मचाऱ्यांच्या भोजनखर्चात झालेल्या वाढीचं कृपया स्पष्टीकरण द्यावं, आणि ही वाढ पुढील महिन्यांतही अपेक्षित आहे का, म्हणजे तसा अंदाज सुधारता येईल. मुलाने रात्री जागून दीड पानाची माफी लिहिली. तीत मूळ कारण होतं, उपाययोजना होती, यापुढे घ्यायची काळजी होती. रावांनी ती वाचली, बाजूला ठेवली आणि स्वतः उत्तर पाठवलं: ‘भाग द्यायचा राहिला होता. दुरुस्त पत्रक सोबत.’ मग मुलाला म्हणाले, “राजा, गुणून वाढतं, भागून कमी होतं. एवढं आईनेही शिकवलं असेल. पण कुणाला भागायचं हे त्या चलनाला विचारायचं असतं.”

त्यांचं चलनांशी असं माणसांसारखं नातं आहे. येनवर त्यांची माया आहे, कारण त्याला पैसे नाहीत. म्हणजे रुपयाला जसे पैसे असतात तसे सुटे नाहीत. पण आमची सिस्टीम पोटात सगळ्याच चलनांना दोन दशांशांच्या साच्यात ठेवते, त्यामुळे कुणी थेट टेबलातून आकडे उपसले की जपानची कंपनी एकदम शंभरपट लहान दिसू लागते. दर नव्या माणसाच्या हातून हे एकदा होतंच, आणि राव दर वेळी तितक्याच हळहळीने म्हणतात, “टोकियोवाल्यांना पुन्हा बुडवलंस.” कुवेती दिनारबद्दल त्यांना किंचित आदर आहे, कारण त्याला तीन दशांश लागतात. तुर्की लिरा हा दुःखाचा विषय. तुर्कस्तानने 2005 साली लिऱ्यावरची सहा शून्यं पुसली तेव्हा रावांनी आपल्या पत्रकातले रकाने कौतुकाने अरुंद केले होते. 2022 मध्ये तिथली महागाई इतकी चढली की लेखा मानकांनुसार तो देश अतिमहागाईचा धरावा लागला, आणि मग तिथल्या विक्रीलाही सरासरी दर चालेना, क्लोजिंगच लावावा लागला. तेव्हापासून इस्तंबूलच्या बाई ऑनलाइन मीटिंगला आल्या की राव आधी दोन मिनिटं हलक्या आवाजात बोलतात, घरी कुणी गेल्यासारखं.

15 जानेवारी 2015 हा दिवस ते विसरत नाहीत. त्या दिवशी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान 1.20 फ्रँक हे तीन वर्षं राखलेलं बंधन कुणालाही न सांगता सोडून दिलं. आपल्याकडे दुपारचे तीन वाजले होते. संक्रांतीचे दिवस, ऑफिसात तिळगूळ फिरत होता. फ्रँक मिनिटांत असा उसळला की रावांच्या हातातला लाडू हातातच राहिला. गोड बोला म्हणत आलेल्या एचआरच्या मुलीला ते जे बोलले ते मराठीत होतं, एवढंच बरं झालं. वरच्या लोकांना ते सीसीमध्ये घालायच्या विचारात होते.

एचआरचं आणि त्यांचं तसं जुनं आहे. जगातल्या चलनांची तीन अक्षरी नावं ठरवणारं आयएसओ 4217 हे मानक रावांना मुखोद्गत. त्यात रुपया आयएनआर, सोनं एक्सएयू. आणि ज्या व्यवहारात चलनच नाही त्यालाही मानकाने एक नाव देऊन ठेवलंय: एक्सएक्सएक्स. रावांनी अशा नोंदी एका फाइलीत काढल्या, फाइलीला सरळ तेच नाव दिलं आणि चाकणला पाठवली. ऑफिसच्या मेल-फिल्टरने ती वाटेतच धरली. दुसऱ्या दिवशी रावांना एचआरमध्ये बोलावणं आलं. बाईंनी फार संकोचून विचारलं, “सर, त्या फाइलमध्ये नक्की काय आहे?”

“काहीच नाही,” राव म्हणाले. “तेच तर तिचं म्हणणं आहे.”

त्यांचा खरा अवतार पाहायचा तर दर महिन्याच्या आढावा बैठकीत. आकडे समजायला सोपे म्हणून गोल करून सांगतो. समजा, चाकणची विक्री मागल्या वर्षी नऊशे कोटी झाली. युरो नव्वदचा. वर दहा कोटी युरो दिसले. यंदा चाकणने तिसरी पाळी लावली, दोन मशिनं वाढवली, विक्री आठ टक्क्यांनी वाढून नऊशे बहात्तर कोटींवर गेली. पण युरो झाला शंभराचा. वर दिसले नऊ कोटी बहात्तर लाख. म्हणजे पावणेतीन टक्क्यांची घट, आणि तिच्यापुढे एक जाडजूड लाल बाण. ‘भारत: कामगिरीत घसरण.’

कारखान्याचे प्रमुख जुन्नरकडचे. आवाज शॉप-फ्लोअरवर कमावलेला. “ओ राव,” त्यांनी टेबलावर हात आपटला, “आठ टक्के जादा माल काढला मी. पोरं रात्रीची जेवली नाहीत. आणि हा लाल बाण कुणाचा?”

“बाण युरोतला आहे,” राव म्हणाले.

“पण घसरलं कोण?”

“रुपया.”

“मग रुपयाच्या नावापुढे लावा ना बाण!”

“तसा रकाना नाही.”

“मग पोरांना सांगू काय मी?”

“रुपयात सांगा,” राव म्हणाले, आणि कागद पालटला.

हे ऐकायला कोरडं वाटतं. पण त्या पत्रकाच्या अगदी उजव्या टोकाला, छापताना पानाबाहेर जाईल अशा जागी, रावांनी एक रकाना स्वतःहून घातलेला असतो: यंदाची विक्री, मागल्या वर्षीच्या दराने. तिथे अधिक आठ टक्के असं स्वच्छ लिहिलेलं असतं. वरच्या साच्यात तो रकाना बसत नाही, दर महिन्याला तिथलं कुणीतरी तो उडवतं, दर महिन्याला राव तो परत घालतात. यावर दोन्ही बाजूंनी आजवर एक शब्दही बोलला गेलेला नाही.

मात्र हीच तराजू ते उलट्या बाजूनेही तशीच धरतात, आणि म्हणून त्यांना मित्र कमी. 2022 मध्ये युरोच खाली आला होता. जुलैत तर तो डॉलरच्या बरोबरीला येऊन ठेपला, रुपयाच्या मानानेही आदल्या वर्षीपेक्षा स्वस्त झाला. त्या वर्षी चाकणने फार काही दिवे लावले नव्हते, तरी वर हिरवा बाण गेला, अभिनंदनाची मेल आली, प्रमुखांनी कारखान्यात पेढे वाटले. रावांनी पेढा घेतला, खाल्ला, रुमालाला हात पुसला आणि म्हणाले, “यात तुमचं काही नाही.” जुन्नरकर ते अजून विसरलेले नाहीत. लाल बाणापेक्षा तो पेढा त्यांना जास्त लागला.

घरी ते असेच. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, सांगतात की लग्नाची पहिली खूण म्हणजे मंगळसूत्र नव्हे, फॉरेक्स गेन. लग्न जून 1991 च्या अखेरीचं. अमेरिकेतल्या मामांनी एकशे एक डॉलरचा ड्राफ्ट आहेर म्हणून पाठवला. डॉलर तेव्हा एकवीस रुपयांच्या आसपास. नवदांपत्य भर पावसात महाबळेश्वरला गेलं, ड्राफ्ट कपाटात राहिला. इकडे मनमोहन सिंग नुकतेच अर्थमंत्री झालेले. 1 आणि 3 जुलैला दोन हप्त्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं. दोघं सर्दी घेऊन परत आली तोवर डॉलर पंचवीस-सव्वीसला जाऊन बसला होता. एका ड्राफ्टवर जवळजवळ पाचशे रुपये वरकड. सासूबाई म्हणाल्या, सुनेचा पायगुण. राव म्हणाले, रिझर्व्ह बँकेचा. काकूंनी त्यावर जे उत्तर दिलं ते अजून चालू आहे.

मुलगा अमेरिकेत एडिसनला असतो. तिकडे गेलेले आईबाप काय करतात ते आपण जाणतो: दुधाच्या कॅनपासून केशकर्तनापर्यंत दिसेल त्या किमतीला मनातल्या मनात रुपयाने गुणतात आणि घशाखाली घास उतरेनासा होतो. राव गुणत नाहीत. पहिल्या भेटीत त्यांनी आठ दिवस मुलाचं घर नुसतं न्याहाळलं आणि नवव्या दिवशी रात्री काकूंना सांगितलं, “याचा पगार डॉलरमध्ये, हप्ता डॉलरमध्ये, बायकोशी भांडतो तेही डॉलरवरून. याची फंक्शनल करन्सी डॉलर झाली. आपल्याला फोनवर रुपयात सांगतो ते केवळ आपल्याला समजावं म्हणून. ते प्रेझेंटेशन.”

काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे परत यायचा नाही म्हणा की.”

“फंक्शनल करन्सी मनात आलं म्हणून बदलता येत नाही,” राव म्हणाले. “आजूबाजूची परिस्थितीच बदलली तर गोष्ट वेगळी. तसा नियमच आहे.” आणि दिवा मालवायच्या आधी, त्यांच्या स्वभावात न बसणारी एक सूट देत म्हणाले, “दर वर्षअखेरीला तपासून बघायला मात्र हरकत नाही.”

2025 मध्ये युरोने शंभरी ओलांडली. मजल्यावर उत्साहाची लाट आली, कारण रूपांतर करायला अक्कल लागेनाशी झाली. दोन शून्यं पुसली की युरो तयार. एक कोटी म्हणजे एक लाख युरो, हे आता विक्री विभागालाही जमू लागलं. रावांना हा आपला घोर अपमान वाटला. एका मुलाने स्क्रीनवर 100 लिहून पुढचा रकाना ओढला, तर त्यांनी मागून त्याच्या खांद्यावर बोट ठेवलं. “शंभर असा दर असतो का कुठे? पुढचे चार दशांश कुठायत? ते काय तुझ्या घरी नेलेस?” त्या चार दशांशांनी युरोच्या बाजूला जो फरक पडला तो वरचे लोक हजारांत बघतात म्हणून दिसणारही नव्हता. रावांना तो दिसत होता, आणि त्यांची दुपार त्यात गेली.

निवृत्ती जवळ आली आहे, असं गेली तीन वर्षं ऐकतोय. पण ती घ्यायची कधी? वरचं वर्ष 31 डिसेंबरला संपतं, भारताचं 31 मार्चला. डिसेंबरात जाता येत नाही, कारण ग्रुपचं क्लोजिंग. मार्चमध्ये नाही, कारण आपलं. मधल्या काळात ऑडिट. तेव्हा कंपनीने शहाणपणा करून रावांच्या जागी माणूस न शोधता सॉफ्टवेअर घेतलं.

डेमोच्या दिवशी मोठी खोली भरली. सल्लागार कंपनीचा तरुण कोथरूडचाच, सूट मात्र म्युनिकचा. त्याने सांगितलं की आता दर कुणी हाताने भरायचा नाही. युरोपची मध्यवर्ती बँक दररोज तिथल्या दुपारी चारच्या सुमाराला संदर्भदर जाहीर करते, तो सिस्टीम आपोआप उचलेल. सरासरी तीच काढेल, क्लोजिंग तीच लावेल, सीटीएसुद्धा तीच बसवेल. त्याने ऑगस्ट 2025 निवडून बटण दाबलं. चार सेकंदांत चाकण, टोकियो, इस्तंबूल, सगळं युरोत. खालची बेरीज जुळलेली. मॅनेजिंग डायरेक्टरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. जुन्नरकरांनी जरा जास्तच.

राव मागच्या रांगेत होते. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला.

“बाळ, 31 ऑगस्टला वार कुठला होता?”

तरुणाने मोबाइल काढला. “रविवार, सर.”

“रविवारी बँक दर जाहीर करते का?”

“नाही, सर.”

“मग हा क्लोजिंग कुठून आणलास?”

तरुणाने एक खिडकी उघडली, तिच्यातून दुसरी. त्या दिवसाचा दर न सापडल्याने सिस्टीमने पुढचा पहिला उपलब्ध दर उचलला होता. 1 सप्टेंबरचा. म्हणजे ऑगस्टचा अख्खा ताळेबंद सप्टेंबरच्या दराने.

“शुक्रवारचा लाव. 29 चा,” राव म्हणाले. “आणि गुड फ्रायडे, ईस्टर मंडे, 1 मे, नाताळचे दोन दिवस, 1 जानेवारी यांचंही बघून घे. बसून लिहितोस का?”

तरुण बसला. प्रोजेक्ट चार महिन्यांनी लांबला. वाढीव कामाचं बिल म्युनिकहून युरोत आलं, आणि ते नेमक्या कुठल्या तारखेच्या दराने नोंदवायचं यावर पुढचे दोन महिने राव पुन्हा कामावर होते.